सर्वनामाची जागा : स्पॅनिश शिकणाऱ्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्पॅनिश शिकणाऱ्या वाचकांना मी प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेक सगळी फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबली. मे (मला), ते (तुला), लो, ला, ले (त्याला, तिला, ते) ही चिमुकली सर्वनामं क्रियापदाच्या आधी ठेवायची की नंतर? सुटी लिहायची की जोडून? म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला दिलं आहे. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात जिथे 'थ' ऐकू येतो, तिथे मी लॅटिन अमेरिकेतल्यासारखा 'स' ठेवला आहे.

बाई, मी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं होतं. आता स्पॅनिशच्या डेले परीक्षेची तयारी करते आहे. 'मला ते विकत घ्यायचंय' याचं मी 'क्येरो लो कोम्प्रार' केलं, तर सरांनी लाल रेघ मारून 'क्येरो कोम्प्रार्लो' लिहिलं. पण पुढच्याच धड्यात 'लो क्येरो कोम्प्रार' असं वाक्य आहे! 'लो' सुरुवातीला चालतो, शेवटी चालतो, मग मधेच का चालत नाही?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझ्या वाक्यातून फ्रेंच बोलतं आहे. फ्रेंचमध्ये सर्वनाम दोन क्रियापदांच्या मधे, दुसऱ्याच्या आधी येतं आणि ती सवय तुझ्या कानात पक्की बसली आहे. सवय वाईट नाही, फक्त दुसऱ्या घरची आहे. गंमत म्हणजे सतराव्या शतकातले फ्रेंच लेखक हेच सर्वनाम सर्रास पहिल्या क्रियापदाच्या आधी ठेवत, म्हणजे तुझ्या धड्यातल्या स्पॅनिश वाक्यासारखं. पुढे फ्रेंचने ती जागा सोडली, स्पॅनिशने धरून ठेवली.

आता वाक्य जवळून बघ. 'क्येरो' हे चालवलेलं क्रियापद आहे, त्यातच 'मी' आहे आणि वर्तमानकाळही आहे. 'कोम्प्रार' हे मूळ रूप, शब्दकोशात सापडतं ते, ज्याला आपण वर्गात इन्फिनिटिव्ह म्हणतो. दोघांचे नियम उलटे आहेत. चालवलेल्या क्रियापदाला सर्वनाम आधी लागतं आणि सुटं लागतं: 'लो क्येरो'. मूळ रूपाला ते नंतर लागतं आणि चिकटून, एका शब्दात लागतं: 'कोम्प्रार्लो'. आता तुझा मधला 'लो' कोणाचा? क्येरोचा म्हणावा तर तो नंतर आला आहे. कोम्प्रारचा म्हणावा तर आधी आला आहे. दोन्हीकडून त्याची जागा चुकते. सरांची लाल रेघ एवढ्यासाठीच होती.

दोन्हींच्या अर्थामध्ये काही फरक पडतो का, असं तू विचारलं नाहीस, पण पुढे विचारशीलच. नाही पडत. 'क्येरो कोम्प्रार्लो' आणि 'लो क्येरो कोम्प्रार' यांचा अर्थ एकच. बोलताना लोक दुसरं फार वापरतात, लिहिताना पहिलं जास्त दिसतं, आणि दोन्ही शुद्ध आहेत.

तुझ्या पातळीवर माझा सल्ला मात्र ठाम आहे. स्वतः बोलताना-लिहिताना सर्वनाम मूळ रूपालाच जोड. ते सर्वनाम त्या मूळ रूपाचं कर्म असेल तर जोडणं कधीच चुकत नाही. पुढे नेणं मात्र ठरावीक क्रियापदांनाच चालतं: केरेर म्हणजे हवं असणं, पोदेर म्हणजे शकणं, देबेर म्हणजे करायला हवं असणं, 'ईर आ' म्हणजे करणार असणं, 'तेनेर के' म्हणजे करावं लागणं, 'आकाबार दे' म्हणजे नुकतंच केलेलं असणं, 'एम्पेसार आ' म्हणजे करू लागणं, 'बोल्बेर आ' म्हणजे पुन्हा करणं आणि अशी थोडी मंडळी. 'ते करणं महत्त्वाचं आहे' हे 'एस इम्पोर्तान्ते आसेर्लो' असंच होतं. त्यातला लो उचलून 'लो एस' असा वाक्याच्या तोंडाशी नेलास तर ऐकणारा गोंधळेल. 'आय के आसेर्लो' म्हणजे 'ते करायला हवं', इथेही लो शेवटीच. 'तेनेर के' आणि 'आय के' दिसायला भावंडं, पण पहिल्यात सर्वनाम पुढे जातं, दुसऱ्यात नाही. हे पाठच करावं लागतं.

'मे गुस्ता कोमेर्लो' हे मराठी माणसाला सहज कळावं असं वाक्य आहे. 'मला ते खायला आवडतं.' आवडण्याचा 'मला' आपल्याकडेही वेगळा आणि 'ते' हे खाण्याचं कर्मही वेगळं. स्पॅनिशमध्ये तसंच आहे: 'मे' गुस्ताचा, 'लो' कोमेरचा. त्यामुळे लो जागचा हलत नाही.

एक शेवटचं. दोन सर्वनामं एकाच मूळ रूपाची असतील तर ती जोडीने राहतात. 'मला तुला ते सांगायचंय' हे 'क्येरो देसिर्तेलो' होईल किंवा 'ते लो क्येरो देसिर' होईल. एकाला पुढे नेऊन दुसऱ्याला मागे ठेवून 'ते क्येरो देसिर्लो' असं करता येत नाही. पण 'ते प्रोमेतो आसेर्लो' हे वाक्य वाचून दचकू नकोस. 'मी तुला ते करण्याचं वचन देते.' इथे स्पॅनिश 'ते', म्हणजे 'तुला', हा वचन देण्याचा आहे आणि 'लो' करण्याचा. जोडी फुटलेली नाही, मुळात ती जोडी नव्हतीच. सर्वनाम दिसलं की आधी विचारायचं, हे कोणत्या क्रियापदाचं. तुझे निम्मे घोळ तिथेच सुटतील.

स्पेनमधल्या मैत्रिणीने बटाट्याच्या ऑम्लेटची, तोर्तीयाची, कृती लिहून पाठवली. शब्दकोश घेऊन बसले तर 'कोर्तार्लास' सापडेना, 'फ्रेइर्लास' सापडेना, 'मेस्क्लार्लोस' सापडेना. हे शब्द बोलीभाषेतले आहेत का?
— एक गृहिणी, नाशिक

बोलीभाषेतले नाहीत, अगदी प्रमाण भाषेतले आहेत. शब्दकोशात नाहीत कारण प्रत्येक शब्दात दोन शब्द आहेत. शेवटचं लास किंवा लोस काढून टाका आणि मग शोधा: कोर्तार म्हणजे कापणं, फ्रेइर म्हणजे तळणं, मेस्क्लार म्हणजे मिसळणं.

तुमच्या पत्रामुळे मला फार आनंद झाला, कारण हा विषय शिकायला पाककृतीसारखं दुसरं पुस्तक नाही. आपण मराठीत 'बटाटे सोलून घ्यावेत' किंवा 'सोला, चिरा' असं लिहितो. स्पॅनिशमध्ये कृती पुष्कळदा मूळ रूपातच लिहितात, म्हणजे नुसतं 'सोलणं, धुणं, कापणं'. त्यामुळे वाक्यावाक्याला मूळ रूप आणि त्याला चिकटलेलं सर्वनाम भेटतं. तुमच्या मैत्रिणीने साधारण असं लिहिलं असेल:

'पेलार लास पातातास, लाबार्लास ई कोर्तार्लास एन लामिनास फीनास.' बटाटे सोलायचे, ते धुवायचे आणि पातळ चकत्या करायच्या. पाताता हा शब्द स्त्रीलिंगी आणि इथे अनेकवचनी, म्हणून 'लास'. आपला बटाटा पुल्लिंगी आहे, तो विसरा. मेक्सिको किंवा आर्जेन्टिनाच्या मैत्रिणीने लिहिलं असतं तर पातातासच्या जागी पापास आलं असतं, पण तेही स्त्रीलिंगीच, लास तसंच राहिलं असतं.

'फ्रेइर्लास आ फ्वेगो लेन्तो.' ते मंद आचेवर तळायचे. मंद आचेचं मनावर घ्या. तोर्तीयातला बटाटा कुरकुरीत नको असतो, तेलात मऊ शिजायला हवा असतो.

'बातिर लोस वेबोस ई मेस्क्लार्लोस कोन लास पातातास.' अंडी फेटायची आणि ती बटाट्यांत मिसळायची. इथे एकदम 'लोस' का आलं? कारण अंडं, वेबो, पुल्लिंगी आहे. कृती वाचताना शेपटीकडे नीट बघितलं तर काय मिसळायचं ते कळतं. 'लास' दिसलं की बटाटे, 'लोस' दिसलं की अंडी.

आणि मग शेवटची, सगळ्यांत अवघड पायरी: 'दार्ले ला ब्वेल्ता कोन उन प्लातो.' ताटलीच्या मदतीने तोर्तीया उलटायचा. तोर्तीया स्त्रीलिंगी असून इथे 'ला' न चिकटता 'ले' का चिकटलं? कारण 'दार' म्हणजे देणं. दिली जाते ती ब्वेल्ता, म्हणजे पालटी, आणि ती तोर्तीयाला दिली जाते. ज्याला काही दिलं जातं त्याला 'ले'. हा लो-ला विरुद्ध ले हा प्रकार पुढच्या पत्रात सविस्तर येतो आहे, तो वाचाच. आणि तोर्तीया उलटताना ताटली पॅनपेक्षा मोठी घ्या.

आमच्या कंपनीचं ग्राहक-सेवेचं काम मेक्सिकोसाठी चालतं. रोज स्पॅनिशमध्ये ई-मेल लिहितो. 'मी त्यांना फोन करू शकतो' यात 'प्वेदो यामार्लो' की 'प्वेदो यामार्ले'? आणि बाई ग्राहक असतील तर 'देसिर्ला' लिहिलं की आमची टीम लीड ते खोडून 'देसिर्ले' करते. तिला सांगायचं तर 'ला' नको का?
— एक वाचक, पुणे

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण ही चूक फ्रेंचमुळे होत नाही, इंग्रजीमुळेही होत नाही. ती थेट मराठीतून येते.

मराठीत 'त्याला पाहायचंय' आणि 'त्याला सांगायचंय' या दोन्हींत 'त्याला' एकच. स्पॅनिशमध्ये ते दोन वेगळे शब्द आहेत: 'बेर्लो' आणि 'देसिर्ले'. आपण ज्याला प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर्म म्हणून शाळेत शिकलो, तो फरक मराठीत माणसांच्या बाबतीत 'ला'खाली झाकला जातो. गंमत अशी की दुसऱ्या एका बाबतीत मराठी आणि स्पॅनिश अगदी सारख्या वागतात. आपण 'पुस्तक पाहिलं' म्हणतो, पण 'भावाला पाहिलं'. माणूस आला की 'ला' येतो. स्पॅनिशही 'बेओ एल लीब्रो' म्हणते, पण 'बेओ आ मी एर्मानो'. माणूस आला की 'आ' येतो. या सारखेपणामुळेच मराठी माणूस फसतो. 'आ मी एर्मानो' दिसलं की त्याला वाटतं हे सांगण्या-देण्यासारखं आहे, आणि तो 'ले' लावून मोकळा होतो.

म्हणून माणूस बाजूला ठेवा आणि क्रियापदाला 'काय?' विचारा. सांगायचं, काय सांगायचं? काहीतरी आहेच: बातमी, किंमत, तारीख. ती 'काय'ची जागा भरलेली आहे, मग माणसाला 'ले' मिळतो. पाठवायचं, विचारायचं, द्यायचं, दाखवायचं, सगळ्यांत हेच: एम्बियार्ले, प्रेगुन्तार्ले, दार्ले, मोस्त्रार्ले. पाहायचं, शोधायचं, यात माणूसच त्या क्रियेचा विषय आहे, दुसरं काही नाही. मग लो किंवा ला: बेर्लो, बुस्कार्ला.

आता फोन. मराठीत आपण 'त्याला फोन करतो', म्हणजे फोन ही वस्तू आणि माणूस तिचा धनी, असं वाक्य बनतं. स्पॅनिश 'यामार' म्हणजे मुळात हाक मारणं, बोलावणं. बोलावलं जातं ते माणसालाच. त्यामुळे मेक्सिकोच्या पत्रात 'प्वेदो यामार्लो' लिहा, बाई असतील तर 'प्वेदो यामार्ला'. 'तुम्ही' या आदरार्थी 'उस्तेद'लाही हीच रूपं लागतात. स्पेनमध्ये एका पुरुषाबद्दल 'यामार्ले' खूप ऐकू येतं आणि तिथली भाषेचे नियम ठरवणारी अकादमी पुरुषासाठी एकवचनी ते मान्यही करते. पण तुमचे ग्राहक मेक्सिकोत आहेत, तिथली रीत पाळा. 'आयुदार', मदत करणं, याला मात्र लो आणि ले दोन्ही चालतात. तिथे कोणी काही खोडलं तर वाद घालायला हरकत नाही.

'वाट पाहणं'सुद्धा लक्षात ठेवा. आपण 'त्याची' वाट पाहतो, षष्ठी लावतो. स्पॅनिशमध्ये सरळ 'एस्पेरार्लो'. उलट 'तुझ्याशी बोलायचंय' यात चिकटवायला सर्वनाम बहुधा नसतंच: 'क्येरो आब्लार कोन्तीगो'. आपला 'शी' आणि त्यांचा 'कोन', दोघं वेगळे उभे राहतात.

तुमच्या टीम लीडचं 'देसिर्ले' पूर्ण बरोबर आहे. 'ले' पाहत नाही की समोर बाई आहे की पुरुष. मराठीत 'त्याला' आणि 'तिला' असा भेद असल्यामुळे आपल्याला तो स्पॅनिशमध्येही करावासा वाटतो आणि 'देसिर्ला' हातून लिहिलं जातं. माद्रिद आणि कास्तियाच्या काही भागांत लोक बोलताना असं म्हणतातही, पण ते प्रमाण मानलं जात नाही आणि व्यवसायाच्या पत्रात ते ठसठशीत चूक म्हणून दिसतं. बाई की पुरुष हे सांगायचंच असेल तर पुढे जोडा: 'क्येरो देसिर्ले आ ला सेन्योरा'. इथे 'ले' आणि 'आ ला सेन्योरा' दोन्ही एकत्र आले तरी ते द्विरुक्त नाही, उलट तसंच बोलतात. मराठी माणूस 'ले' गाळतो, कारण मराठीत 'तिला बाईंना सांगायचंय' असं आपण म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये ते ठेवा, वाक्य लगेच तिथल्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं.

ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही व्हालेन्सियात राहतो. माझं व्याकरण बरं आहे, पण 'देसिर्तेलो', 'कोम्प्रार्मेलो' असे लांब शब्द मी बोलले की शेजारीण पुन्हा विचारते. लिहिताना अक्षरावर तिरपी रेघ कधी द्यायची तेही कळत नाही. आणि 'त्याला ते द्यायचंय' यात 'दार्लेलो' का नाही, 'दार्सेलो' का? इथल्या पाट्यांवर तर सर्वनामाच्या आधी छोटी आडवी रेघही दिसते.
— एक वाचक, व्हालेन्सिया, स्पेन

आधी पाट्यांचं सांगते, ते सोपं आहे. ती आडवी रेघ स्पॅनिशची नाही, व्हालेन्सियन भाषेची आहे. व्हालेन्सियन आणि कॅटलन या एकाच भाषेत सर्वनाम रेघ देऊन जोडतात. स्पॅनिशमध्ये मधे काहीही येत नाही, सगळा एक शब्द.

शेजारीण पुन्हा का विचारते? मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्याच वजनाने बोलतो. शब्दातलं एक अक्षर उचलून बोलायची आपल्याला गरज पडत नाही. स्पॅनिश माणूस मात्र तो जोर ऐकूनच शब्द ओळखतो. मूळ रूपात जोर नेहमी शेवटच्या अक्षरावर: कोम्-'प्रार', दे-'सिर'. आणि सर्वनामं कितीही चिकटवली तरी जोर तिथून हलत नाही. कोम्-'प्रार'-लो. कोम्-'प्रार'-मे-लो. सर्वनामं हलकी, जवळजवळ पुटपुटल्यासारखी जातात. तुम्ही बहुधा 'लो'वर येऊन थांबता, कारण मराठीत शब्दाचा शेवट आपण स्वच्छ उच्चारतो. मी वर्गात मुलांना जोराच्या अक्षराला टेबलावर हात मारायला लावत असे आणि उरलेली अक्षरं हात उचलेपर्यंत संपवायला लावत असे. घरी एकट्याने करून बघा. 'कोम्प्रार' वर एक थाप, मग 'कोम्प्रार्लो' वर एकच थाप, मग 'कोम्प्रार्मेलो' वर एकच थाप. थाप तिन्ही वेळा त्याच अक्षरावर पडली पाहिजे.

हा जोर कळला की तिरप्या रेघेचा नियम आपोआप येतो, वेगळा पाठ करावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपला तर वाचणारा जोर उपान्त्य अक्षरावर धरतो. इतर व्यंजनाने संपला तर शेवटच्यावर. याला धरून जोर पडत असेल तर रेघ नको, मोडून पडत असेल तर रेघ द्या. 'कोम्प्रार' र-ने संपतो, जोर शेवटी, रेघ नाही. 'कोम्प्रार्लो' स्वराने संपतो, जोर उपान्त्य 'प्रार'वर, तरीही रेघ नाही. 'कोम्प्रार्मेलो' मध्ये 'प्रार' शेवटून तिसरं झालं, आता वाचणारा चुकेल, म्हणून तिथल्या 'आ'वर तिरपी रेघ. थोडक्यात, मूळ रूपाला एक सर्वनाम जोडलं तर रेघ नाही, दोन जोडली तर रेघ हमखास. अपवाद फक्त ओइर, रेइर, फ्रेइर यांसारख्यांचा. त्यांच्या 'इ'वर मुळातच रेघ असते, कारण ओ-इर, फ्रे-इर असे दोन स्वर सुटे उच्चारायचे असतात. ती रेघ एक सर्वनाम जोडल्यावरही राहते. वरच्या नाशिकच्या पत्रातलं 'फ्रेइर्लास' तसंच रेघेसकट लिहायचं.

जुनं पुस्तक हाताशी असेल तर आणखी एक भानगड दिसेल. १९९९ पर्यंत, 'दे' म्हणजे 'द्या' या आज्ञार्थी रूपावरची रेघ सर्वनाम जोडल्यावरही ठेवत. १९९९च्या शुद्धलेखनाने ती काढली. मूळ रूपांना याने काही झालं नाही, तुम्ही निश्चिंत असा.

आता 'दार्सेलो'. ले किंवा लेस याच्या पुढे लो, ला, लोस, लास आलं की ले-चं 'से' होतं. याचं कारण इतिहासात आहे. लॅटिनमधल्या 'इल्ली इल्लुम' (त्याला ते) या जोडीपासून जुन्या कास्तियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, साधारण 'झेलो' असा उच्चार असलेलं रूप तयार झालं. १४९२ साली सालामांकात नेब्रिहा या विद्वानाचं स्पॅनिश व्याकरण छापलं गेलं, तेव्हा हे 'झेलो' लोकांच्या तोंडी होतंच. पुढे उच्चार बदलत गेले आणि सोळाव्या शतकात हे रूप आधीपासून असलेल्या 'से'मध्ये मिसळून गेलं. तेव्हा हा 'से' म्हणजे 'स्वतःला' वाला से नाही, त्याच्या रूपात वावरणारा जुना 'ले' आहे. त्यामुळे 'क्येरो दार्सेलो' यातून कोणाला द्यायचं ते कळत नाही: त्याला, तिला, त्यांना, तुम्हाला, काहीही. म्हणून 'क्येरो दार्सेलो आ मी ईखा' असं पुढे सांगून टाकतात: 'मला ते माझ्या मुलीला द्यायचंय'. मेक्सिकोकडच्या लोकांकडून 'दार्सेलोस' ऐकलंत, वस्तू एकच असूनसुद्धा, तर चकित होऊ नका. घेणारे अनेक आहेत हे 'से'मधून दिसत नाही, म्हणून तिथे बोलताना अनेकवचन 'लो'वर आणून ठेवतात.

माझ्या आजीकडून मी पोर्तुगीज शिकले. आता स्पॅनिशच्या वर्गाला जाते. 'त्याला बघायला' याचं मी 'पारा लो बेर' म्हटलं की शिक्षिका हसतात. पोर्तुगीजमध्ये असंच म्हणतात की!
— एक वाचक, पणजी

म्हणतात, आणि तुमच्या आजींचं पोर्तुगीज बरोबर आहे. पोर्तुगीजमध्ये 'पारा'नंतर सर्वनाम मूळ रूपाच्या आधी येऊ शकतं. नंतर जोडलं तर मूळ रूपाचा र गळतो आणि 'वेर'चं 'वे-लु' होतं. स्पॅनिशमध्ये र टिकतो आणि पारा (साठी), सिन (शिवाय), पोर (मुळे, बद्दल), दे (चा), आल (करताना) यांच्यानंतर सर्वनाम मागेच चिकटतं, दुसरा पर्यायच नाही: 'पारा बेर्लो', 'सिन देसिर्लो', 'आल बेर्ला'.

शिक्षिकांनी हसायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं. तुमचं वाक्य परकं नाही, जुनं आहे. मध्ययुगीन कास्तियनमध्ये 'पारा लो आसेर' या धर्तीची वाक्यं रुळलेली होती आणि सोळाव्या शतकापर्यंत ती लिहिली जात. तसंच स्पॅनिशच्या सुवर्णकाळातल्या, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, कवितेत 'देसिर्लो'चं 'देसिल्यो' झालेलं सापडतं, म्हणजे र पुढच्या ल-मध्ये विरघळलेला. तुमच्या पोर्तुगीजमध्ये जे आजही घडतं, त्याच वाटेवर कास्तियन काही काळ चालली आणि परत फिरली. इटालियनमध्ये तर मूळ रूपाचा शेवटचा स्वर पडून बरोबर स्पॅनिशसारखंच 'कोम्प्रार्लो' उरतं. या भाषा एका आजीच्या नाती आहेत, प्रत्येकीने सर्वनामाची वेगळी जागा पसंत केली.

सरावासाठी एकच वाक्य रोज म्हणा, उपयोगाचंही आहे: 'ग्रासियास पोर आयुदार्मे', मला मदत केल्याबद्दल आभार. मदत होऊन गेली असेल तर 'ग्रासियास पोर आबेर्मे आयुदादो'. तिथे सर्वनाम 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाला चिकटतं, 'आयुदादो'ला कधीच नाही.

'मला लवकर उठायचंय' याचं 'क्येरो लेबान्तार्से' का चुकीचं? शब्दकोशात तर 'लेबान्तार्से' असंच आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

शब्दकोशातला 'से' हा 'तो, ती, ते' यांच्यासाठीचा आहे. उठणारे तुम्ही असाल तर तो बदलायला हवा: 'क्येरो लेबान्तार्मे तेम्प्रानो'. तू उठणार असशील तर 'क्येरेस लेबान्तार्ते', आपण उठणार असू तर 'केरेमोस लेबान्तार्नोस'. मूळ रूप चालवायचं नसतं हे खरं, पण त्याला चिकटलेलं सर्वनाम चालवावंच लागतं. आकोस्तार्से म्हणजे झोपायला जाणं, इर्से म्हणजे निघून जाणं, यांनाही हेच: 'अन्तेस दे इर्मे', मी निघण्यापूर्वी.

पुढच्या अंकात आज्ञार्थाला सर्वनाम कसं जोडतात ते घेऊ. 'द्या' आणि 'देऊ नका', 'सांग' आणि 'सांगू नकोस' अशा जोड्यांत अडलेली तुमची स्वतःची वाक्यं पाठवा, पाठ्यपुस्तकातली नकोत.